चुन्यात पडलेली हळद

लग्नानंतर दोन वर्षं हे हिंगोलीला हळदीच्या बाजारात हमाली करायचे आणि मी गावाकडे, साखऱ्याला सासूबाईंपाशी राहायची. मग यांनी पत्र्याची एक खोली भाड्याने घेतली. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या तोंडातून शब्द निघत न्हाई. शहरात काय संसार मांडती ही? महिन्यानं येऊन बघते. घर घरासारखं दिसलं तर राहू दे, न्हाई तर संगं घेऊन येते."

खोलीत एक स्टो, दोन पातेली आणि माझी वळकटी. तरी आनंद इतका झाला होता की पहिल्या दिवशी ती रिकामी खोलीच मी तीनदा झाडली.

नळाच्या वाटेवर भंगाराचं दुकान होतं. तिथे एक लोखंडी पेटी पडलेली. झाकण तुटून गेलेलं, पण अंगाने मजबूत. घागर घेऊन जाता-येता मी तिच्याकडे बघायची. चौथ्या दिवशी म्हातारा दुकानदारच बोलला, "बेटी, रोज देखती है, बोलती कुछ नहीं. पेटी पे नजर है क्या?"

मी मान हलवली.

"इसको तो ढक्कनच नहीं. क्या रखेगी इसमें?"

मी घागर खाली ठेवली आणि पेटी आडवी करून दाखवली. म्हातारा हसायलाच लागला. "अरे वा! पेटी का कपाट बना दिया!" लोखंडाच्या भावात त्याने ती दिली. डोक्यावर घेऊन मी घरी चालत आले की पळत, आता आठवत नाही.

दोन विटांवर पेटी आडवी ठेवली, मधे फळी घातली. ज्या हिरव्या लुगड्यात सासूबाईंनी मला भांडी बांधून दिली होती, त्याचा चांगला भाग काढून पडदा शिवला. काठ खाली येईल असा. दिवसातून दहादा तो पडदा मी उगाच उघडायची आणि लावायची.

हे बाजारातून फाटकी पोती आणायचे. त्यांच्या पट्ट्या कापून, वेणी घालून, गोल गोल शिवत मी दोन पायपुसणी केली. पोती झटकताना परातीत ओंजळभर हळद जमली. ती फेकायला जीव होईना. सासूबाई येणार त्याच्या आदल्या दिवशी भिंतींना चुना द्यायचा होता, रात्रभर भिजवून ठेवलेला. मनात आलं, यात हळद टाकली तर भिंती कशा पिवळ्याधमक होतील! घाईघाईने ओतली, काठीने ढवळली.

बादली लालभडक झाली.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे मी लहानपणापासून बघत आले होते. हौसेपुढे तेवढंच आठवलं नाही. दुसरा चुना भिजवायचा तर पुन्हा रात्र जाणार, आणि सकाळच्या गाडीने सासूबाई येणार. मी दात आवळून तोच फासला.

संध्याकाळी हे दारातच थांबले. "दुसऱ्याच्या घरात तर न्हाई ना आलो?"

मला हसू आलं आणि रडूही.

सकाळी सासूबाई आल्या. काखेत मोठी पिशवी, रिकामी. ती कशासाठी आहे हे मला कळलं. त्यांनी पायपुसण्यावर पाय पुसले, पडद्याचा काठ बोटांत धरून बघितला. मग भिंतीपाशी गेल्या, बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिल्या.

"हे काहून असं झालं?"

आणि मी बोलले. कधी नव्हे ते भडाभडा बोलले. पोती, परात, हळद, चुना, पिवळ्या भिंतीची हौस, सगळं.

सासूबाई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "अगं येडे! कुंकू कशाचं करतेत, ठावं न्हाई? हळद नि चुन्याचंच की! चार भिंती कुंकवानं माखल्या की तू!"

"पुन्हा चुना देते, आत्याबाई."

"कशाला? राहू दे." त्या परत पडद्याकडे वळल्या. "हे माझंच लुगडं व्हय?"

"व्हय."

"आखूड पडलं. वीतभर तरी जोड पाहिजे. सुई दे इकडं."

दुपारपर्यंत आम्ही दोघी पडदा शिवत बसलो. मधेच त्यांनी विचारलं, "त्या भंगारवाल्याकडं आणखी एक पेटी असंल का? मला पण पाहिजे तसलं कपाट."

संध्याकाळच्या गाडीला मी त्यांची पिशवी भरून दिली. तिच्यात माझं एकही पातळ नव्हतं. दोन्ही पायपुसणी होती. ती त्यांनी मागून घेतली.