राजाची सुटी

आमच्या मराठी मंडळात दर महिन्याला कुणीतरी बोलतं. या खेपेस माझा नंबर होता आणि विषय मीच निवडला: मध्ययुगातली इंग्लंडची एक राणी. नवरा राजा असेतो तिने इंग्लंडच्या भूमीवर पाऊल ठेवल्याची नोंद नाही. शाळेत इतिहास शिकवताना मी तिला एका वाक्यात उरकत आलो होतो: राणी वांझ होती, राजा निपुत्रिक वारला. त्याच्या वाट्याचा शब्द हळहळीचा, तिच्या वाट्याचा शिवीसारखा. कधी खटकलं नाही.

पण हा विषय घेण्याचं खरं कारण घरात होतं. माझ्या थोरल्या भावाची बायको, वहिनी, रांझी भागातल्या घरी माझ्याबरोबर राहतात. दादा जाऊन बरीच वर्षं झाली, माझी बायकोही गेली. दादाची नोकरी कायम बाहेरगावी आणि वहिनी इथे सासूसासऱ्यांजवळ. मूल झालं नाही. आई त्यांना तोंडावर वांझ म्हणायची, घरात डोहाळजेवण असलं की मागच्या खोलीत बसवायची. दादाला सुटीच मिळत नाही, असं सगळे समजत. मिळायची. तो ती नागपूरला मित्रांकडे काढायचा. हे त्याने मला सांगितलं होतं, कुणाला बोलू नको म्हणून बजावलंही होतं. मी बोललो नाही. आईसमोरही नाही.

आता राणीच्या आडून ते बोलावं, असं ठरवलं. वहिनींना कळलं तर, ही धास्ती होती. कळलंच नाही तर, हीही धास्ती होतीच.

"भाऊजी, काहून असे पोळी चिवडून राहिले?" वहिनी म्हणाल्या. "जन्मभर पोरांसमोर बोलले न तुम्ही? चला, मी येते. पहिल्या रांगेत बसते."

घमापूरच्या सभागृहात त्या खरंच पहिल्या रांगेत बसल्या.

सुरुवात बरी झाली. डोंगराळ मुलखातली राजकन्या. धर्मयुद्धावर निघालेल्या राजाशी वाटेतच, सायप्रस बेटावर लग्न झालं. परतताना राजा कैदेत पडला. सुटला, पण तिच्याकडे आला नाही. एका साधूने कान उपटले तेव्हा थोडे दिवस आला. तो मेल्यावर दीर गादीवर बसला आणि तिच्या हक्काचं उत्पन्न त्याने वर्षानुवर्षं अडकवून ठेवलं. 'दीर' म्हणताना मी वहिनींकडे पाहणं टाळलं. पुढचं घाईने बोललो.

"मूल नाही याचा दोष तिला दिला. पण राजाला सुटी मिळत होती, तरी तो तिच्याकडे जात नव्हता!"

सभागृह हसलं. मागून एक बाई म्हणाल्या, "सर, राजाला सुटी कोण देतं हो? अर्ज करत होता काय?"

आणखी हशा झाला. वहिनी हसल्या नाहीत.

परतताना आम्ही ऑटो केला. वहिनी म्हणाल्या, "तुमचे दादा सुटीत कुठं राहत, ते मला माहीत होतं."

"वहिनी..."

"तुम्हाला माहीत होतं, हे आज कळलं. मी समजत होती, या घरात एक माणूस तरी भोळा आहे." मग ऑटोवाल्याला, "भैया, ज़रा धीरे, गड्ढे हैं."

"तुम्ही काहून नाही बोललात कधी?"

"माझं कोण ऐकत होतं? तुमचं ऐकलं असतं आईंनी."

दुसऱ्या दिवशी त्या कुंडमला भाचीकडे गेल्या. किती दिवस, विचारलं तर "पाहू" म्हणाल्या.

माझी नातवंडं अजून म्हणतात, मोठ्या आजीला मूल होत नव्हतं. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे: दादा घरी येत नव्हता, आणि ते मला माहीत होतं. वहिनींना रोज फोन लावतो. उचलतात, जेवलात का विचारतात. कधी येणार, एवढं मात्र सांगत नाहीत.