कंट्रोलरदादांनी मोकळी ठेवलेली ओळ

इंगळेदादा गेल्याचं मला शोभानं फोनवर सांगितलं. शोभा त्यांची मुलगी, खामगावला नर्स आहे, रडणं आवरून बोलायची तिला सवय आहे. "ताई, बाबा पहाटेच गेले," म्हणाली आणि जरा थांबून, "अन् तुमचं रजिस्टर इथंच हाय. ते ताईलेच द्याचं, असं बाबानं सांगून ठेवलं होतं." मी बरं म्हणून फोन ठेवला. त्या वेळी माझ्या मनात आधी काय आलं ते आज लिहून टाकते. दुःख नंतर आलं, आधी भीती वाटली. कारण त्या रजिस्टरमध्ये एक नोंद खोटी होती आणि ती माझ्या तोंडून तिथं गेलेली होती. त्या फोनला आता दीड महिना होऊन गेला.

दादांना सगळा गाव कंट्रोलर म्हणायचा. आमच्या बसस्टँडवरच्या खिडकीमागं बसून त्यांनी निम्मं आयुष्य गाड्यांच्या नोंदी केल्या. गाडीची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष आली ती वेळ आणि किती उशीर, एवढे तीन रकाने. उशीर का झाला हे ते कधी लिहीत नसत. "कारन लिहाले बसलो तं एकेका डायवरची कादंबरी होईन," म्हणायचे. चुकीची नोंद दुरुस्त करण्याचीही त्यांची एक रीत होती. खोडायचं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, खाली खरं काय ते लिहायचं, आणि ज्यानं चुकीचं सांगितलं त्यानंच स्वतःच्या हातानं लिहून सही करायची. एका ड्रायव्हरनं दहा मिनिटं कमी सांगितली, तर दादांनी ती ओळ चार दिवस तशीच ठेवली होती, तो परत ड्युटीवर येईपर्यंत.

ते रिटायर झाले त्याच सुमारास मी जिल्हा परिषदेवर निवडून आले. म्हणजे आमच्या सर्कलची जागा महिलांसाठी निघाली आणि ह्यांच्या नावाऐवजी माझं नाव लागलं, एवढंच. पोस्टरवर माझ्या फोटोपेक्षा ह्यांचा फोटो मोठा होता आणि मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. तालुक्याच्या आढावा बैठकीला हे जायचे, उद्घाटनाला हे जायचे, नारळ हेच फोडायचे. मी घरी पाहुण्यांचा चहा बघायची. अशात एका बाजाराच्या दिवशी स्टँडवरच्या चहाच्या टपरीशेजारी, जिथं पूर्वी गाड्यांचं वेळापत्रक लागायचं त्या फळ्यावर, एक कागद दिसला. वर माझं नाव, खाली तेच गाड्यांचे रकाने. सभेची तारीख, विषय, हजेरी, आणि शेवटी गाड्यांसारखाच उशीर. आणि ओळीनं लिहिलेलं: सदस्य गैरहजर, पती हजर. सदस्य गैरहजर, पती हजर. पाच वेळा.

मी तडक त्यांच्या घरी गेले. बुद्धविहाराच्या मागं त्यांचं दोन खोल्यांचं घर, दारात कडुनिंब. दादा ओट्यावर बसून एका नव्या रजिस्टरमध्ये पट्टीनं रेघा मारत होते. मी काय काय बोलले ते आठवून आज लाज वाटते, कोणी सांगितलं तुम्हाला हे धंदे करायला, इथपर्यंत गेले होते मी. दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, यात खोटं काय हाय तेवढं दाखवा. तुमच्या सहीनं खोडतो." खोटं काहीच नव्हतं. मी रागानं घरी आले आणि ह्यांना सांगितलं, पुढच्या सभेला मी जाणार. ह्यांना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे.

ते खूळ मुदत संपेपर्यंत टिकलं. पहिल्या सभेत मी तोंड उघडलं नाही, दुसरीत पाण्याच्या टँकरबद्दल विचारलं, तिसरीत अधिकाऱ्याला उत्तर देता येईना तेव्हा मला फार बरं वाटलं. बुलडाण्याहून परत आले की बसमधून उतरून आधी दादांच्या ओट्यावर जायचं, असा नेमच झाला. शोभाच्या आईच्या हातचा बिनदुधाचा चहा यायचा आणि दादा विचारायचे, कोणते विषय झाले, कशावर बोलल्या, हात कुठं वर केला, कुठं खाली ठेवला. तेवढ्यावर मात्र ते लिहीत नसत. माहिती अधिकारात अर्ज करून हजेरीपट आणि सभेचं इतिवृत्त मागवायचे, ते हाती आल्यावरच शाई लावायचे. माझा प्रवासभत्ता हजेरीशी ताडून बघायचे. माझ्या निधीतून कुठं काही झालं की स्वतः जाऊन बघायचे. एका हातपंपापुढं त्यांनी लिहिलंय, "पंप पाहिला. सतरा दांडे मारल्यावर पाणी आलं." मी त्या गावच्या सरपंचाला ती ओळ वाचून दाखवली, पुढच्या आठवड्यात तिसऱ्या दांड्याला पाणी आलं. मी लोकांना सांगायची की माझ्यावर एक कंट्रोलर बसवलाय. तक्रारीच्या सुरात सांगायची, पण मनातून मला त्याचा अभिमान होता.

मग उपकेंद्राचा विषय आला. नाल्यापलीकडच्या वस्तीसाठी आरोग्य उपकेंद्र मंजूर झालं होतं. पावसाळ्यात नाला भरला की तिथल्या बाळंतिणींना बाजेवर घालून आणावं लागतं, म्हणून मीच ते लावून धरलं होतं. सभेत ठराव आला की ते उपकेंद्र वस्तीत न करता रस्त्यावरच्या मोठ्या गावात करावं. आमच्या गटाचे नेते पुढच्या रांगेत होते, त्यांनी नुसतं मागं वळून पाहिलं. आदल्या दिवशी ह्यांनी मला सांगून ठेवलं होतं, या वेळी अडून बसू नको, समितीवर घेणार आहेत तुला. माझ्या दोन्ही बाजूंचे हात वर गेले... आणि माझाही गेला. कोणी धरून वर केला नव्हता. समितीवर काही मला घेतलं नाही, पण ते आता सांगण्यात अर्थ नाही.

त्या संध्याकाळी बसमधून उतरले तेव्हा वाटत होतं, दादा आज घरी नसले तर बरं. पण ते होते. "उपकेंद्राचं काय झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ठराव झाला, दादा. वस्तीत नाही होणार." "अन् तुमी?" "मी विरोध केला," मी म्हणाले. एरवी ते कागद येईपर्यंत थांबले असते. त्या दिवशी त्यांनी पेनाचं टोपण काढलं. म्हणाले, "आता तुमी सांगता म्हनल्यावर कागद कायले पाह्यजे?" आणि माझ्यासमोर लिहिलं, सदस्य हजर, विरोध. त्यांच्या त्या सगळ्या रजिस्टरमध्ये कागद न बघता केलेली नोंद ही एकच आहे.

बाजाराच्या दिवशी ते पान फळ्यावर लागलं. पुढच्या आठवड्यात वस्तीतल्या बायका माझ्या दारात आल्या, पुढं गंगाबाई. त्यांनी मला झेंडूचा हार घातला, ओटी भरली. "ताई एकटी लढली आमच्यासाठी," असं गंगाबाई शेजारपाजारच्यांना सांगत होती. मी हार काढून देवापुढं ठेवला आणि दोन दिवस त्या खोलीत गेले नाही. दादांकडं जाणंही हळूहळू कमी झालं. आधी फोनवर माहिती द्यायला लागले, मग ह्यांच्या पुतण्याबरोबर चिठ्ठी पाठवायला लागले. मुदत संपली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

शेवटची भेट ते जाण्याच्या दोन महिने आधीची. तब्येत बरी नाही कळलं म्हणून गेले होते. खूप वाळले होते, पण ओट्यावर येऊन बसले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी आतून रजिस्टर मागवलं, एक पान उघडून माझ्यापुढं सरकवलं आणि वर स्वतःचं पेन ठेवलं. म्हणाले, "पाहून घ्या ताई एकदा. घाई नाई." कोणतं पान आहे हे मला न वाचताच कळलं. मी घड्याळ पाहिलं, म्हटलं, "दादा, बुलडाण्याला जायचंय, गाडीची वेळ झाली, पुढच्या खेपेला निवांत बघते." वास्तविक त्या वेळेला कोणतीच गाडी नव्हती. आणि हे मी सांगत होते कोणाला, तर ज्याला सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ होत्या त्याला. त्यांनी पेन उचलून खिशाला लावलं आणि म्हणाले, "हाव. या सावकाश."

दादांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी शोभानं रजिस्टर माझ्या हातात दिलं, पेन त्याच्यातच होतं. घरी येऊन उघडलं. त्या पानात सभेच्या इतिवृत्ताची प्रत घडी करून ठेवलेली होती. ठराव सर्वानुमते मंजूर, एकाही सदस्याचा विरोध नाही. प्रतीवर शिक्का होता, त्यावरची तारीख सभेनंतर तिसऱ्या महिन्यातली. म्हणजे मी खोटं सांगितलं हे त्या संध्याकाळनंतर तीनच महिन्यांत त्यांना कळलं होतं. पूर्ण रजिस्टरमध्ये नोंदी एकाखाली एक दाटीनं लिहिलेल्या आहेत, फक्त त्या नोंदीखाली एक ओळ मोकळी आहे, पुढची नोंद त्या शिक्क्यानंतरची. चार वर्षं त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही, आणि खोडलंही नाही. माझी वाट पाहत राहिले. त्यांनी मला चारचौघांत खोटारडी म्हटलं असतं तर मला इतका त्रास झाला नसता.

आता पुन्हा निवडणुकीच्या गोष्टी सुरू आहेत. ह्यांचं म्हणणं, वस्तीची मतं आपली आहेत, माणूस गेला, रजिस्टर आपल्या घरात आहे, कशाला उकरून काढायचं. मी दादांचं पेन घेतलं, "विरोध" या शब्दावर एकच रेघ मारली, खालच्या मोकळ्या ओळीत लिहिलं, "ठरावाच्या बाजूनं हात वर केला," आणि सही केली. बाजाराच्या दिवशी त्या पानाची झेरॉक्स काढून स्टँडवरच्या फळ्यावर स्वतः लावली आणि टपरीवर बसून राहिले.

गंगाबाई दुपारी आली. तिनं शाळेतल्या एका मुलीकडून ते वाचून घेतलं, दोनदा. ती भांडेल असं मला वाटलं होतं. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आमी म्हनलं, आपली ताई लढून बी झालं नाई, तं आता कोनाले सांगाव? म्हनून घरी बसलो बाई. तवा कळलं असतं तं आमी बुलडाण्याले गेलो असतो सगळ्याजनी." एवढं बोलून ती बाजारात निघून गेली.

मी ती झेरॉक्स परत आणून रजिस्टरमध्ये ठेवली तेव्हा ध्यानात आलं की त्या ओळीतला शेवटचा, उशिराचा रकाना भरायचा राहिलाय. दादांनी तो गाड्यांच्या वहीतून जसाच्या तसा आणला होता. त्यात मी लिहिलं, उशीर, चार वर्षं. कारण लिहावंसं फार वाटलं, बरंच सुचलंही... पण त्यांनी त्यासाठी जागा ठेवलेली नाही.