कोयतेबाईने दिराला नापास केलं त्याची गोष्ट

कोयतेबाईने सख्ख्या दिराला जळफळाटापोटी नापास केलं, ही बातमी गल्लीत नळाला पाणी यायच्या आधी पोचली. कुणी म्हणालं, दीर तिचा शॅम्पू संपवतो म्हणून. शॅम्पू तो संपवतो हे खरं, पण नापास त्यासाठी केलेलं नाही. उलट तो पास होण्यात सगळ्यांत जास्त फायदा तिचाच होता.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत सासूबाई आणि हा दीर. कोयतेबाई आणि नवरा स्वयंपाकघरात, सिलिंडर आणि बादलीच्या मधे, कूस बदलायची तर एकमेकांना विचारून. दीर तेलताडाच्या, म्हणजे पामतेलाच्या झाडांच्या, मळ्यावर मुकादम झाला, तर त्याला राहायला क्वार्टर मिळणार होतं आणि सासूबाई त्याच्या मागोमाग जाणार होत्या. पुढच्या खोलीला कुठला पडदा लावायचा, हेसुद्धा बाईने ठरवून ठेवलं होतं.

मळ्याच्या रोपवाटिकेत नव्या माणसांना शिकवायचं काम तिचं. लागवडीआधी वाईट रोपं निवडून बाजूला काढायची, आणि नुसती फेकायची नाहीत तर कोयत्याने तोडायची. फेकलेलं रोप कुणीतरी उचलून नेतं, लावतं आणि वर्षानुवर्षं फळाची वाट बघत बसतं. म्हणून ती कोयतेबाई.

दिराला गल्ली खांब म्हणते. उंच, गोरा, केस मागे वळवलेले. काम सांगितलं की पाठ दुखणारा. सासूबाईंना चारचौघांत मिरवायला मिळालेला हा एकच दागिना.

मुकादमकीची परीक्षा सोपी. प्रत्येकाला रोपांची एक रांग द्यायची, त्यातली वाईट त्याने वेगळी काढायची. खुरटी, मुरडलेली, गवतासारखी रोपं कुणालाही कळतात. फसवतात ती उंच. पानं न पसरता ताठ वर जाणारी, शेजाऱ्यांच्या डोक्यावरून बघणारी. त्यांना फळ धरत नाही. हे वर्गात तिने सांगितलंच होतं, वर आदल्या दिवशी ताटात भात वाढताना म्हणाली, "भावजी, उद्या उंच बघून भुलू नका."

भावजी मोबाईलमध्ये होते.

परीक्षेत खांबाने खुरटी रोपं झटपट उडवली आणि उंच तेवढी रांगेत पुढे आणून मांडली, लग्नाच्या फोटोला उभी केल्यासारखी. शेजारी स्वतः उभा राहिला.

"ही का ठेवली?"

"बघा ना वहिनी, कशी तरतरीत आहेत."

"इथं वहिनी नाही. बाई म्हणा. फळ धरतील?"

"धरतील की. एवढी उंच आहेत."

मागून कुणीतरी म्हणालं, "खांबाला खांबच पसंत पडणार." सगळे हसले. कोयतेबाईने त्यांना गप्प केलं नाही. हसून संपेपर्यंत थांबली, आणि तेवढ्यात खांबाचे कान लाल झालेले सगळ्यांनी नीट बघून घेतले.

बाईच्या हातात पेन होतं. एक खूण केली की पुढची खोली. मॅनेजर तपासायला येत नाही, आणि ही झाडं वांझ निघेपर्यंत कोण कुठे असेल. तिला पडदासुद्धा दिसला. मग तिने पेन खिशात ठेवलं आणि कोयता त्याच्या हातात दिला.

"तोडा. तुम्हीच."

त्याने वरचे शेंडे छाटले.

"शेंडे नाही. बुंध्यातून."

मुकादमकीसाठी घेतलेल्या नव्या बुटांवर चिखल उडवत त्याने एकेक रोप तोडलं. निकाल तिने सगळ्यांसमोर वाचला, त्याचा शेवटी, कारणासकट.

परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. खांबाला पिशव्यांत माती भरायला घेतलं, तेही वहिनीच्याच हाताखाली. मुकादम होणार म्हणून ज्यांनी त्याला मुलगी दाखवली होती, त्यांनी निरोप धाडला की मुलगा छान आहे, पण सध्या घाई नाही.

निरोप आला त्या संध्याकाळी सासूबाई मुद्दाम उंबऱ्यात उभ्या राहिल्या, गल्लीला नीट ऐकू जावं म्हणून. नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

"माझ्या पोराची लाज काढलीस. लग्न मोडलंस. पास केलं असतंस, तर तुझं काय जाणार होतं?"

कोयतेबाई बादली सरकवून अंथरुणाला जागा करत होती. ती म्हणाली, "पास केलं असतं तर काहीच गेलं नसतं, आई. नापास केलं म्हणून खोली गेली माझी. आता तुम्हीही रडत बसलात आणि मीही बसले, तर सकाळी भावजींना माती भरायला उठवणार कोण?"