जिवंत परिचारिकेची श्रद्धांजली

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात अकोले तालुक्यातील एका परिचारिकेला मोबाईलवर श्रद्धांजली वाहण्यात आली. परिचारिका जिवंत होती. त्या वेळी ती तालुक्याच्या गावी कोविड सेंटरमध्ये दाखल होती, ताप उतरला होता आणि दोन्ही वेळचे जेवण जात होते.

मी तेव्हा तालुक्यातील एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सेवेतील अनेक गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. हे प्रकरण मात्र अजून स्वच्छ आठवते.

श्रद्धांजलीचे कार्ड नेहमीसारखेच होते. कडेने झेंडूची माळ, खाली दोन समया, मध्ये फोटो. नावाआधी ‘कै.’, नावाखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, त्याखाली निधनाची तारीख आणि ‘दशक्रिया विधी : पुणतांबा, गोदावरी घाट’. मृत्यूचे कारण दिलेले नव्हते. लसीचा उल्लेख नव्हता. त्याची गरजही नव्हती. भंडारदऱ्याकडच्या ज्या वाड्यांमध्ये ही परिचारिका अनेक वर्षे काम करत होती, तिथे लस सर्वात आधी तिनेच घेतली होती. दंडावर सुई टोचून घेतानाचा तिचा हसरा फोटो आरोग्य खात्याने प्रसिद्ध केला होता आणि तो घरोघरच्या मोबाईलवर होता. कार्डावरचा चेहरा त्याच फोटोतून कापून घेतलेला होता. पाहणाऱ्याने उरलेले वाक्य स्वतःच पूर्ण केले.

कार्ड फिरल्यानंतर वाड्यांवर झालेल्या लसीकरण शिबिराला कोणी आले नाही. पथक दुपारपर्यंत शाळेच्या ओट्यावर बसून राहिले आणि शीतपेटी जशी आणली तशी परत घेऊन गेले. पुढचे शिबिर पुढच्या आठवड्यात होते. तेही रिकामे गेले तर या वाड्यांचा साठा दुसरीकडे वळवला जाईल, असे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी तक्रार अर्जासोबत तोंडी सांगितले. वाड्यांमध्ये म्हातारी माणसे बरीच होती आणि गेल्या महिनाभरात तिथून तिरड्या उठल्या होत्या.

परिचारिकेने आमच्या आधीच एक उपाय करून पाहिला होता. सेंटरमधील खाटेवर बसून तिने व्हिडिओ केला. त्यात ती म्हणाली, ‘लस घेतल्याने मी मेले असे सांगत आहेत. लसीने माणूस मरतो ही अफवा आहे. मी जिवंत आहे.’ हा व्हिडिओ तिने त्याच समाजमाध्यमावर टाकला, जिथे कार्ड फिरत होते. थोड्या वेळात तो काढून टाकण्यात आला. कारण दिले होते : लसीबाबत चुकीची माहिती. आरोग्य खात्याने कार्डाविरुद्धही तक्रार नोंदवली होती. त्या तक्रारीला उत्तर आले : या छायाचित्रात आरोग्यविषयक चुकीची माहिती आढळली नाही.

मी तिचा जबाब फोनवरून घेतला. तिचा आवाज थकलेला होता, पण ती चिडलेली जास्त होती.

“साहेब, मेली म्हणणारं कार्ड राहिलं आणि जिवंत आहे म्हणणारी मी उडाले,” ती म्हणाली. “वाडीतून एकीचा फोन आला. मी हॅलो म्हटलं तर तिनं फोनच ठेवून दिला. घाबरली असेल.”

“कोणावर संशय?”

“संशय कशाला घेऊ? मला आधी पुढच्या शिबिराला माणसं हवीत. ते बघा.”

स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि साथरोग व आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली गुन्हा दाखल केला. कार्डाचा उगम शोधण्यासाठी नगरच्या सायबर सेलला पत्र पाठवले. समाजमाध्यमाच्या कंपनीकडून माहिती यायला वेळ लागणार, हे त्यांनी लगेच कळवले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातील दूरध्वनीवर निनावी फोन आला. फोन करणाऱ्याने वाड्यांवर वडाप, म्हणजे सीटमागे पैसे घेऊन प्रवासी वाहतूक, करणाऱ्या एका जीपचालकाचे नाव सांगितले. त्याचे परिचारिकेशी भांडण झाले होते. जीपमध्ये टपाला लोंबकळेपर्यंत माणसे भरली म्हणून तिने भर रस्त्यात अर्धी जीप रिकामी करायला लावली होती. त्यावर हा म्हणाला होता, ‘बाई, तुमचा बी नंबर लागंल.’ हे ऐकणारे साक्षीदार होते. गावाच्या ग्रुपवर कार्ड पहिल्यांदा त्याच्याच मोबाईलवरून आल्याचेही निष्पन्न झाले. कागदावर संशयित तयार होता.

नोटीस बजावून त्याला बोलावले. तो आला तेव्हा मास्क हनुवटीवर होता, तो हवालदारांनी वर करायला लावला. माणूस चाळिशीतला, आवाजाने मोठा. अशी माणसे चौकशीत दोन प्रकारे वागतात. काही दारातच मऊ पडतात, काही दारातूनच भांडत येतात. हा भांडत आला.

“धमकी दिली होतीस?” हवालदारांनी विचारले.

“रागात बोल्लो. रोज बायकोला बी म्हनतो, मर एकदाची. ती हाय की अजून. उलट मलाच पुरून उरंल.”

“कार्ड कोणी केलं?”

“मला काय ठावं? मेव्हन्यानं धाडलं. तो ऱ्हातो राहात्याकडं. म्या बघितलं, काळजात चर्र झालं, फुडं धाडलं.”

“खात्री का नाही केलीस? सेंटर तालुक्यातच आहे. एक फोन लागत होता.”

त्याने आधी हवालदारांकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. “साहेब, मेलेल्या मानसाची खात्री कोन करतं? मयताच्या घरी फोन लावून इचारू का, खरंच मेले का म्हनून? आन् फुडं नाय धाडलं तर लोक म्हनत्यात, भांडन हुतं म्हनून ह्याला दुख न्हाई.”

हे उत्तर मी लिहून घ्यायला सांगितले. बचाव म्हणून ते पुरेसे नव्हते, पण कार्ड एका दिवसात तालुकाभर का पोहोचले याचा खुलासा त्यात होता. दुसऱ्या कुठल्याही बातमीवर गावात चार जण शंका घेतात. निधनाच्या बातमीवर शंका घेणे असभ्यपणाचे मानले जाते. ती आली की हात जोडायचे आणि पुढे कळवायचे.

मी कार्डाची छापील प्रत त्याच्या हातात दिली आणि सगळी वाचायला सांगितली. चौकशीत संशयिताला पुरावा दाखवू नये, असे काही अधिकारी मानतात. माझा अनुभव वेगळा आहे. माणूस पुराव्याकडे कसा पाहतो, यातून बरेच कळते. तो ओठ हलवत वाचत गेला आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

“हे काय लिव्हलंय? दहावा?”

“का? काय झालं?”

“साहेब, मला अडकवायचं तर अडकवा, पन येवढा येडा समजू नका. सिस्टर किरिस्ताव हायेत. नाताळाला आख्ख्या वाडीला केक वाटत्यात. त्यांचे सासरे वारले तवा मातीला मानसं घेऊन माझीच जीप गेल्ती. पेटीत ठिवलं, प्रार्थना म्हनली, फुलं टाकली. पिंड न्हाई, कावळा न्हाई. आन् म्या त्यांचा दहावा लावीन व्हय?”

“मोबाईलवर आलं तेव्हा वाचलं नव्हतंस?”

“फोटू बघितला, बास. श्रद्धांजली खालपर्यंत कोन वाचतं?” मग त्याने बोट त्या ओळीवर आपटले. “आन् लावायचाच तर पुनतांब्याला कशाला? आपली प्रवरा काय आटली का?”

हवालदारांना हसू आवरले नाही. मीही खुर्चीत सरसावून बसलो. परिचारिकेचे आडनाव जिल्ह्यात सर्व समाजांत आढळणारे. कार्डावरून धर्म कळत नव्हता आणि तक्रार अर्जात तो लिहिण्याचे कारण नव्हते. पण वाड्यांवरच्या प्रत्येकाला तो माहीत होता. याचा अर्थ कार्ड करणारा वाड्यांवरचा नव्हता. तो अकोले तालुक्यातलाही नसावा. आमच्याकडचे लोक दहाव्याला प्रवरेच्या काठी जातात. गोदावरीचा घाट ज्याच्या हाताला सवयीने येतो, तो माणूस गोदावरीकाठचा.

जीपचालकाचा जबाब पूर्ण करून त्याला घरी पाठवले. मेव्हण्याने आपल्याला कार्ड एका ग्रुपवरून आल्याचे फोनवर सांगितले. तिथे साखळी तुटत होती, कारण कार्डाच्या तळाशी करणाऱ्याचे नाव असते ती पट्टी कुणीतरी कापली होती. मी राहात्याच्या बाजूच्या एका सहकारी अधिकाऱ्याला फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला : तुमच्याकडे निधनाची कार्डे कोण टाकतो?

“एकच आहे,” तो म्हणाला. “आमच्याकडे माणूस गेला की घरच्यांच्या आधी त्याला कळतं.”

त्याने त्या माणसाच्या समाजमाध्यमावरील पेजवरची काही कार्डे पाठवली. सगळ्यांवर तीच झेंडूची माळ, त्याच दोन समया, आणि खाली प्रत्येक वेळी पुणतांब्याचा घाट. पट्टीवर पेजचे नाव होते.

पेज चालवणारा फोटोग्राफर निघाला. त्याला ठाण्यात हजर केले तेव्हा तो पूर्ण सहकार्य करायला तयार होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट, बोलणे गोड, प्रत्येक वाक्याला ‘सर’. लग्ने बंद झाल्यापासून त्याचा स्टुडिओ बंद होता. वेळ जावा म्हणून त्याने गावातल्या निधनांची कार्डे फुकट करून द्यायला सुरुवात केली. नातेवाईक ती पुढे पाठवत, पेज वाढत गेले. सोयीसाठी त्याने एक साचा केला होता. नाव, फोटो आणि तारीख बदलायची, बाकीचे तसेच ठेवायचे. दशक्रियेची ओळ त्याने या कार्डासाठी लिहिलीच नव्हती. ती साच्यात आधीपासून होती.

“या बाई गेल्या हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सर, ग्रुपवर आलं होतं, अकोल्याच्या नर्स सिरीयस आहेत. संध्याकाळी कुणीतरी खाली ‘ओम शांती’ टाकलं. मग मी कार्ड केलं.”

“त्या सिरीयस नव्हत्याच. विचारलं का नाही?”

“विचारत बसलो तर दुसऱ्या पेजवर आधी येतं, सर.”

“लसीबद्दल तुमचं काय मत आहे?”

“चांगलीच आहे. मी घेतली ना. आमच्याकडे पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत होतो.”

“मग तो फोटो पेजवर का नाही टाकला?”

“त्याला लाईक कोण देणार, सर?”

त्याने माझ्यासमोर मूळ कार्ड काढून टाकले. मोबाईल पंचनामा करून जप्त केला. साचा त्यातच मिळाला. गुन्हा उघड झाला होता, पण परिचारिकेने सांगितलेले काम झाले नव्हते. पेजवरून कार्ड गेले तरी वाड्यांवरच्या मोबाईलमध्ये त्याच्या प्रती होत्या. कंपनीला त्या दिसत नव्हत्या आणि मला त्या पुसता येत नव्हत्या. शिबिर दोन दिवसांवर आले होते आणि डॉक्टर तिला त्याआधी सोडायला तयार नव्हते.

टेबलावर कार्डाची प्रत आणि तिच्या काढून टाकलेल्या व्हिडिओचा लिहून घेतलेला मजकूर शेजारी ठेवला. कार्डात ‘लस’ हा शब्द नव्हता आणि ‘मेले’ हाही नव्हता. व्हिडिओत दोन्ही होते. समाजमाध्यमाची छाननी शब्दांवर चालत असावी, असा मी अंदाज केला. तिला फोन लावला.

“सिस्टर, व्हिडिओ परत करा. पण लस, सुई, इंजेक्शन, मरण, अफवा, यातला एकही शब्द तोंडातून काढायचा नाही.”

“मग बोलू काय? भजन म्हणू?”

“फेरीला जाता तेव्हा वाड्यांवर जे बोलता, तेच बोला.”

तिने तासाभरात व्हिडिओ केला. खाटेवर बसून, डब्यातली भाकरी हातात घेऊन ती एकेकीला रागावत होती. वरच्या वाडीतल्या आजींनी बीपीची गोळी सकाळी घ्यायची आहे, आठवण झाली की नाही. शाळेशेजारच्या सुनेने बाळाला घुटी देणे बंद करावे, पुन्हा सांगणार नाही. अमक्या काकांनी तंबाखूची पुडी टोपीत लपवली तरी आपल्याला वास येतो. शेवटी ती म्हणाली, “मी गुरुवारी येतेय. शाळेच्या ओट्यावर सगळे दिसले पाहिजेत. कोण आलं नाही ते मला बरोबर कळतं.”

हा व्हिडिओ कोणी काढून टाकला नाही. जीपचालकाने तो थांब्यावर जीपच्या स्पीकरवर लावला, असे बीट अंमलदाराने कळवले. आजींचे म्हणणे तिथे असे पडले की, तोंडवळा एखाद वेळेस कोणी खोटा करील, पण असे रागावणे दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

तपासात मी दोन गोष्टी शिकलो. संशयिताला त्याने काय केले हे विचारतानाच त्याला काय माहीत आहे हेही विचारावे. आणि खोटी बातमी नेहमी खोट्या वाक्यातच असते असे नाही. ओळखीचा फोटो आणि रोजची पद्धत एवढ्यावरही ती चालते. अशा बातमीला उत्तर त्याच गावच्या ओळखीतून द्यावे लागते. दूर बसलेल्या यंत्रणेला ती ओळख नसते.

जीपचालकाविरुद्ध काही आढळले नाही आणि तसा अहवाल दिला. फोटोग्राफरवर आरोपपत्र दाखल झाले. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. परिचारिकेचा पहिला व्हिडिओ नियमांत बसतो, असे समाजमाध्यमाने नंतर कळवले आणि तो पूर्ववत केला.

त्या गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी परिचारिकेला सोडले आणि दुपारी ती शाळेच्या ओट्यावर पोहोचली. बंदोबस्ताला मी दोन अंमलदार दिले होते, त्यांना काही काम पडले नाही. रांगेतल्या पहिल्या म्हातारीने सुईआधी परिचारिकेच्या दंडाला चिमटा घेऊन पाहिला. पथकाने आणलेल्या कुप्या संपल्या तेव्हा रांगेत अजून माणसे उभी होती. त्यांच्यासाठी पुढच्या आठवड्यात तिथेच आणखी एक शिबिर झाले.