जिन्यातले देव

आमच्या बिल्डिंगचा जिना चढायचा असेल तर नाकाला रुमाल लावा, असं मी नव्या गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवते. माझं झेरॉक्सचं दुकान जिन्याखाली आहे. दुकान कसलं, मशीन आणि स्टूल कसंबसं मावेल एवढी खोपटी. वर चार मजले ऑफिसं. वकील, दातांचे डॉक्टर, विमावाले, हिशेब तपासणारे, सगळ्यात वर शिकवणीचे वर्ग. सगळी शिकलीसवरलेली, कडक इस्त्रीची माणसं. आणि जिन्याचा एक कोपरा असा दाखवा, जिथे यांच्यापैकी कोणी तोंड रिकामं केलेलं नाही. काही जण तर तोंडावरही थांबत नाहीत, संध्याकाळी दिवे गेले की बाकीचंही तिथेच उरकून घेतात. मला किळस येते. थुंकीची येतेच, पण थुंकून वर रुमालाने ओठ टिपून ‘नमस्कार ताई’ म्हणत जाणाऱ्यांची जास्त येते.

हे सगळं धुवायची मावशी. तिला सगळेच मावशी म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले वकीलसाहेबसुद्धा. बुटकी, रुंद, गुडघ्यांतून गेलेली बाई, पण हाताला विलक्षण उरक. सकाळी मी शटर वर करायचे तेव्हा तिचा वरचा मजला झालेला असायचा. जिन्यातल्या घाणीबद्दल तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. मीच आपली कुरकुरायचे. ती म्हणायची, घाण माणसाची असते, पाण्याने जाते, त्यात काय एवढं.

घरीही तिला तेच होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नाही, आणि सासू अंथरुणाला खिळलेली. सासूचं सगळं हीच काढायची, तिला न्हाऊमाखू घालायची आणि मग कामावर यायची. घरात ओट्यावर एक फळी, तिच्यावर देव. म्हातारी अंथरुणातून रोज हिशेब घ्यायची. गणपतीला आंघोळ घातलीस का, देवीला घातलीस का, बाळकृष्णाला गार पाणी तर नाही ना ओतलंस. क्रम चुकलेला तिला चालायचा नाही. पहिला मान गणपतीचा, मग कुळाची देवी, मग बाकीचे. मावशी हे सांगताना हसायची. म्हणायची, सगळे देव न्हाऊन झाले की शेवटी म्हातारी स्वतःचा नंबर लावते.

मी एकदा तिला छेडलं होतं, की इतके देव कशाला, एकाने भागत नाही का. ती म्हणाली, माझ्या सासूला मी सून, तुम्हाला मावशी, आईला लेक होते, म्हणून मी तीन बाया झाले का? ज्या नावाने हाक मारावी त्या नावाने तो वळून बघतो, एवढंच. मशीनमध्ये कागद अडकला होता, तो काढत बसले.

तर आमच्या सेक्रेटरींच्या डोक्यात एक दिवस कल्पना आली. सेक्रेटरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले. कमिटीच्या सभेत त्यांनी सांगितलं की दंडाच्या पाट्या लावून झाल्या, दिवे लावून झाले, आता कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या फरशा बसवू. देवासमोर कोण थुंकेल? सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाच्याही मनात आलं नाही की आपण देवाला मुतारीचा पहारेकरी नेमतोय. वर्गवाले सर तेवढे म्हणाले की ईश्वर निराकार आहे, ही चित्रं म्हणजे बाळबोधपणा. पण लोक बाळबोध आहेत तर लावा बापडे. त्यांना अशी मोठी वाक्यं टाकायची सवयच आहे.

गवंडी आला आणि हाताला येईल ती फरशी लावून गेला. पहिल्या मजल्यावर मारुती, दुसऱ्यावर देवी, तिसऱ्यावर गणपती, चौथ्यावर दत्त. सगळे गुडघ्याच्या उंचीवर, कारण डाग तिथवरच असायचे.

मावशीने दुसऱ्या दिवशी ते पाहिलं आणि खराटा भिंतीला टेकवून उभीच राहिली. मला म्हणाली, ताई, पाहुणा आला तर त्याला कोणी मोरीपाशी बसवतं का? मग घरून एक वेगळी बादली घेऊन आली, एक धुतलेलं सुती फडकं आणलं. त्या दिवसापासून तिचं कामच बदललं. आधी तिसरा मजला चढायचा, कारण पहिला मान गणपतीचा. चपला खाली काढून त्याला स्वच्छ पाण्याने पुसायचं. मग खाली उतरून देवी. मग पुन्हा चौथ्यावर दत्त, मग थेट खाली मारुती. हे झालं की मग फिनेल आणि खराटा. गुडघे असे गेलेले, आणि ही बाई त्या जिन्यावर खाली-वर करतेय. मी वैतागून म्हटलं, अगं वरून खाली एका दमात पूस की, देव काय क्रम तपासायला बसलेत? तर म्हणाली, देव नाही हो, म्हातारी बसलीय. तिला मी बोलून चुकले की कामावरही चार देव आलेत. आता रोज संध्याकाळी विचारते, त्यांना आंघोळ झाली का. तिच्याशी खोटं बोलवत नाही मला.

फरशा लावल्यावर थोडे दिवस जिना खरोखर कोरडा राहिला. सेक्रेटरी छाती फुगवून फिरत होते. मग फरशीपासून वीतभर लांब एक लाल पिचकारी दिसली. मग चार बोटांवर. मग फरशीच्या कडेवर.

आणि मी जे पाहिलं ते सांगते, कारण माझ्या स्टुलावरून येणारा-जाणारा प्रत्येक जण दिसतो आणि वर कान दिला की कोण कुठे थांबला तेही कळतं. ही माणसं देव बघून थुंकत होती. म्हणजे ज्याचा जो वार, त्या दिवशी त्याचा कोपरा स्वच्छ. शनिवारी मारुती कोरडा, गुरुवारी दत्त कोरडा. गणपतीला मंगळवार. देवी मधल्या मजल्यावर, वरून येणाऱ्याला आणि खालून जाणाऱ्याला सारखीच सोयीची. तिची सुटका फक्त शुक्रवारी. हिशेबवाल्यांकडचा जाडा कारकून एका शनिवारी गाल फुगवून माझ्यासमोरून वर गेला. पहिल्या मजल्यावर मारुतीपाशी चपला वाजायच्या थांबल्या, मग पुन्हा वर गेल्या, आणि दुसऱ्या मजल्यावर तो आवाज आला. मी तरातरा वर गेले. त्याला म्हटलं, लाज नाही वाटत? तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘अहो ताई, शनिवार आहे आज. मारुतीपुढे नाही थुंकलो मी.’

त्याला वाटत होतं मी त्याला शाबासकी देईन. मला त्याला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. देवीच्या चेहऱ्यावरून, डोळ्यांवरून, ते लाल ओघळत हनुवटीवर आलं होतं.

मावशी बादली घेऊन आली. तिने ते पुसलं, पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा पुसलं. मग ती गच्चीवर गेली. रोज तिथेच डबा खायची. मी थोड्या वेळाने गेले तर डबा तसाच आणि ही कठड्याशी वाकून ओकाऱ्या काढत होती. इतकी वर्षं सगळ्यांचं सगळं धुतलेली बाई. मला म्हणाली, आज मला किळस आली ताई, आज पहिल्यांदा आली.

ती सेक्रेटरींकडे गेली. हात जोडून म्हणाली की फरशा काढून टाका, मी कोपरे दिवसातून दोनदा धुते, पण यांना इथून उठवा. सेक्रेटरींना ते काही पटलं नाही. उलट त्यांचीच तिच्याबद्दल तक्रार होती. जिना उशिरा होतो, माणसं यायच्या वेळी पायऱ्या ओल्या असतात, आणि फरशांवरचे डाग नुसत्या पाण्याने निघत नाहीत, पिवळे पडलेत. उद्यापासून ॲसिड आणि संडासाचा ब्रश घ्यायचा, वरून खाली सगळं एका हाताने घासायचं. ती म्हणाली, जमणार नाही. मग त्यांनी ठेकेदाराला बोलावलं, कारण तिला ठेवणं-काढणं त्याच्या हातात. तिची नोकरी गेली तर घरात दोन बायका उपाशी, हे त्या बिल्डिंगमध्ये मला माहीत होतं आणि तिला माहीत होतं. बाकी कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळे दुसऱ्या मजल्यावर देवीच्या कोपऱ्यापाशी जमले. सेक्रेटरी, दातांचे डॉक्टर, वकील, वर्गवाले सर, ठेकेदार. मी दुकान उघडं टाकून वर गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले. देवीच्या कपाळावर ताजा डाग होताच. खाली ॲसिडची बाटली आणि ब्रश.

सेक्रेटरी समजावणीच्या सुरात म्हणाले की मावशी, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. मूर्तीत प्राण घालावे लागतात, मंत्र असतात, विधी असतो. ही बाजारातली फरशी आहे. ही देवी नाही.

मावशी म्हणाली, ‘मग लोक भिणार कोणाला, साहेब?’

कोणीतरी हसलं. सेक्रेटरींच्या अंगाचा तिळपापड झाला. ते म्हणाले, वाद नकोय, घासायचं की नाही तेवढं सांगा. तेव्हा मावशीने खाली वाकून ब्रश उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

‘फरशीच आहे ना? मग तुम्ही एकदा तिच्या तोंडावरून फिरवा. मी बादली धरते. तुम्ही फिरवलात की उद्यापासून मी घासते, एक शब्द बोलणार नाही.’

मला वाटलं, आता हा माणूस रागाच्या भरात घासणार आणि बाई हरणार. सेक्रेटरींनी ब्रश घेतलासुद्धा. देवीकडे पाहिलं. मग म्हणाले की पाठीत उसण भरलीय, वाकवत नाही, आणि ब्रश डॉक्टरांकडे दिला. डॉक्टर म्हणाले, आमच्या घराण्याची देवी हीच, आमच्याकडे चालत नाही. वकिलांनी हातच मागे बांधले. मग ब्रश आला निराकारवाल्या सरांकडे. सर म्हणाले, काय पोरकटपणा लावलाय, द्या इकडे. बाह्या सरसावल्या. एक पाऊल पुढे टाकलं आणि खाली वाकून आधी पायांतले बूट काढले.

सगळे बघत होते. सर मोज्यांवर, हातात संडासाचा ब्रश, समोर देवी. त्यांचं स्वतःचंही लक्ष बुटांकडे गेलं. त्यांनी ब्रश हळूच जमिनीवर ठेवला आणि बुटांची नाडी बांधत बसले, बराच वेळ.

आता तरी हे लोक म्हणतील की काढा फरशा. इतकी भाबडी मी अजून आहे. पण ठेकेदार घड्याळ बघत म्हणाला, ‘एवढं काय त्यात? उद्या दुसरी बाई पाठवतो.’

आणि सगळ्यांना काय हायसं वाटलं म्हणून सांगू. चेहरे मोकळे झाले. वकील म्हणाले, हे बरं झालं. जाताना एकेकाने वाकून फरशीच्या कडेला बोटं लावली आणि ती बोटं छातीला लावली. देवीच्या कपाळावर तो डाग तसाच. तोही कोणी पुसला नाही. मावशीनेच पुसला, तिच्या घरच्या फडक्याने. मी संतापाने त्यांच्यामागे निघाले होते आणि ती मला म्हणाली, जाऊ द्या ताई, मशीन चालू ठेवून आलात तुम्ही.

सकाळी ती नळाच्या खोलीची किल्ली द्यायला आली. नवी बाई आलेली होती. पोरगीच म्हणायची, पंचविशीची, पदर खोचलेला, मनगटात तांबडा दोरा. आम्ही दोघी वर गेलो तर ती देवीसमोर चपला काढून उभी होती. एका हातात ॲसिड, एका हातात ब्रश, आणि रडत होती. मावशीला पाहिल्यावर म्हणाली, मला सांगितलं नव्हतं इथे देव घासायचेत. माझ्याच्याने होणार नाही.

मावशी पायरीवर बसली. तिने विचारलं, घरी कोण आहे. पोरगी म्हणाली, दोन लहान मुली, नवरा सोडून गेलाय. मावशीने उठून पोरीच्या ओल्या तोंडावरून आपला पदर फिरवला.

‘डोळे मीट आणि घास,’ ती म्हणाली. ‘ज्यांनी तिला इथे बसवलं त्यांचं ते बघतील. तू मुलींकडे बघ.’

पोरीने डोळे घट्ट मिटले आणि बाटली तिरकी केली. फेस उठला, घशाला झोंबणारा वास आला. ब्रश खसखस चालू लागला. आधी कपाळावरचं कुंकू गेलं, मग कडेचा सोनेरी पट्टा. मावशी आपली बादली घेऊन गुडघे सांभाळत एकेक पायरी उतरत होती. तेवढ्यात सेक्रेटरींनी ऑफिसचं दार किलकिलं केलं आणि बाहेर न बघताच विचारलं, झालं का स्वच्छ?

‘झालं,’ पोरगी डोळे न उघडता म्हणाली.