शिडाआडचा दवाखाना

जमनाला प्रत्येक गोष्टीचं कारण लागे. बोटीचं इंजिन उघडलं की तीही वाकून बघायची. नवरा, दादू तांडेल, म्हणायचा, "आत बसवू काय तुला?"

शहाऐंशीच्या हिवाळ्यात बोईसरहून डॉक्टरीणबाई तारापूरजवळच्या तिच्या मच्छीमार वाडीत आल्या. बायकांच्या छातीत गाठ आहे का, ते शाळेत तपासणार होत्या. दुपारपर्यंत कुणीच फिरकलं नाही. गाठ म्हणजे काय, ते बघायला जमना तेवढी गेली.

बाईंनी तिला तपासलं, छाती आणि काख बोटांनी कशी चाचपायची तेही दाखवलं.

"गाठ दुकते काय?"

"सुरुवातीला बहुतेक नाही."

"मंग कलायचं कसं?"

"बघितल्याशिवाय नाही कळत."

परतताना जमना वाळवणापाशी थबकली. बोंबील तोंडात तोंड अडकवून दोऱ्यांवर टांगलेले होते. नलूच्या वरच्या दोऱ्या मात्र रिकाम्या. नलू तिची धाकटी जाऊ, वाडीतली सगळ्यांत उंच बाई.

"वरती का नाय टांगलेस?"

"हात वर जात नाय."

"काखेत काय हाय काय?"

नलूने आजूबाजूला पाहिलं. "हलू बोल, वयनी. छातीत बी हाय."

"चल शालेत."

"तिथं ओट्यावर बाप्ये पत्ते कुटतात. आन हितं कावले बोंबील ठेवतील काय?"

बाईंची गाडी संध्याकाळी परतणार होती. जमना पुन्हा शाळेत गेली. "बाय, तुमीच वालवणावर चला."

"उघड्यावर कशी तपासू?"

जमनाने जाळ्यांच्या खोपीच्या दारात जुनं शीड आडवं बांधलं. बाई आत बसल्या. मग वाळवणावरच्या बायका एकेक करून आत जाऊ लागल्या. आत गेलेलीचे बोंबील बाहेरच्या राखत होत्या.

"रखमाबाय, लवकर ये," कुणीतरी ओरडलं, "नायतर कावल्यांच्या आदी आमीच खाऊ."

नलू शेवटी गेली, जमनाचा हात धरून. काखेपाशी डॉक्टरीणबाईंची बोटं थांबली, पुन्हा फिरली.

"गाठ आहे. कसली ते मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातच कळेल. आता थांबू नका."

शिडातून वारा शिरत होता. नलूने बाईंच्या बोटांकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "तुमी सवताला बी चाचपता?"

"दर महिन्याला."

"भ्या नाय वाटत?"

"वाटतं. तरी बघते."

नलूने चोळीची गाठ मारली, पदर खांद्यावरून घेतला.

"सोमवारी जाऊ, वयनी," ती म्हणाली. "घरात मीच सांगीन."