कोयता उगारलेली माझी आई

शाळेची सहल हरिहरेश्वरला नेली होती. प्रदक्षिणेच्या वाटेवर मुलांची डोकी मोजून घशाला कोरड पडली होती, म्हणून मुलं सरबताला बसल्यावर मी जरा किनाऱ्यावरच्या दुकानांकडे वळले. तिथे शिंपल्यांच्या माळा आणि प्लास्टिकचे गॉगल यांच्यामध्ये माझी आई लटकत होती. काळ्या टी-शर्टवर लाल रंगात. केस सुटलेले, तोंड उघडं, उजव्या हातात वर उगारलेला कोयता.

"मोठ्या मापातही आहे, मॅडम," दुकानदार म्हणाला. "हा चांगला खपतो. कॉलेजच्या पोरी जास्त घेतात."

ही कोण, असं मी विचारलं. त्याने टी-शर्ट उलटसुलट करून पाहिला. जसं काही नाव शिलाईत सापडणार होतं.

"आंदोलनातली आहे कुणीतरी. पेणच्या बाजूची. पण चेहरा काय जबरदस्त आहे ना?"

जबरदस्त आहेच. त्या चेहऱ्याच्या धाकाने मी शिकले आणि माणगावात शाळेत नोकरीला लागले. मला दुकानदाराचा राग आला, त्याच वेळी छाती फुगली, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळे मी भलतंच केलं. घासाघीस केली. आईच्या चेहऱ्याची किंमत पाडून घेतली आणि एक टी-शर्ट पिशवीत कोंबला. पुढची सगळी सहल मी मुलांवर विनाकारण खेकसत होते.

त्या फोटोची हकिकत गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे प्रकल्पासाठी जमिनी घ्यायचं निघालं, तेव्हा पहिला मोठा मोर्चा आमच्या गावावरून गेला. आई घराशेजारच्या तुकड्यात वालाला कुंपण करण्यासाठी काट्या तोडत होती. मोर्चाला रस्ता लांबचा वाटला असावा. पुढच्यांनी शेतातून आडवाट धरली आणि मागचे शेकडो लोक आईच्या फुललेल्या वालातून घोषणा देत चालू लागले. आई कोयता उगारून धावली ती त्यांच्यावर. सरकारवर नाही, कंपनीवर नाही, आमच्याच माणसांवर. तिने तेव्हा त्यांना ज्या शिव्या दिल्या, त्या मला इथे लिहिता येणार नाहीत. शहरातून आलेल्या एका फोटोवाल्याने बांधाखाली गुडघ्यावर बसून तो फोटो टिपला आणि आठवडाभरात तो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जाऊन बसला.

मग त्या चेहऱ्याची जी काही घोडदौड सुरू झाली! आधी फलक, मग बिल्ले, मग गाड्यांच्या काचांवरचे स्टिकर. दर वेळी आई थोडी बदलायची. कुणी नाक सरळ केलं, कुणी सुरकुत्या पुसल्या, कुणी मागे उगवता सूर्य काढला. माझा भाऊ बंदरावर ट्रेलर चालवतो. त्याच्या ट्रेलरच्या मागच्या बाजूला जी आई आहे ती तर माझ्याहून तरुण दिसते. आंदोलनाच्या समितीने टी-शर्ट काढले तेव्हा निधीसाठी म्हणून काढले. त्यानंतर ते कुणीही छापायला लागलं. मगावर आई, मोबाइलच्या कव्हरवर आई. मुंबईतल्या कुठल्याशा वेगळ्याच मागणीच्या मोर्चातही मी तिला टीव्हीवर पाहिलं. आईला दाखवलं तर म्हणाली, "ती लोकां कशासाटी वरडतान?"

सुरुवातीला समितीचे अध्यक्ष तिला सभांना मंचावर न्यायचे. खरा कोयता मंचावर नको म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचा करून घेतला होता, चंदेरी कागद चिकटवलेला. आई तो हातात धरून हसायची. हसू नका, असं तिला दोनदा सांगण्यात आलं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे. शाळेत सहकारी विचारायचे, "तुमच्याच मातोश्री का?" आणि मी मान डोलवायचे. मला फार आवडायचं ते. उगाच कशाला नाकारू?

बिनसलं ते बांधावरून.

आमचं भाताचं शेत खाली खाडीला लागून आहे. खारं पाणी अडवायला मातीचा लांबलचक बांध, म्हणून शेत. तो बांध एकट्यादुकट्याने राखायचा नसतोच. पूर्वी उधाणाच्या आधी घरटी एक माणूस फावडं घेऊन जायचा, चिखल काढून बांधावर चढवायचा, भगदाड दिसलं की सगळे मिळून बुजवायचे. ज्याच्या घरी पुरुष नसेल त्या घरची बाई जायची. वडील गेल्यावर आई जायची. पण पोरं ट्रेलरवर, कंपन्यांत, दुकानांत लागली आणि बांधावर जाणारी माणसं कमी होत गेली. आंदोलन ऐन भरात असताना, श्रावणातल्या उधाणाला बांध फुटला. आम्ही त्याला खांड जाणं म्हणतो. खाडी शेतात आली ती राहिलीच. पुढच्या वर्षी भाताचं एकही रोप जगलं नाही.

त्यानंतरच्या एका सभेत आई मंचावर उभी राहिली आणि पुठ्ठ्याचा कोयता खाली ठेवून तिने माइक हातात घेतला. "माजा तोंड छापलाव ना?" ती म्हणाली. "मंग त्या तोंडातनं येतंय ता बी आयका. जमीन न्हाय द्याची तर खांड बुजवाला या. ह्यी सगली पोरां एक दिस चिकलात उतरली तरी बांध उभा ऱ्हाल."

टाळ्या कडाडल्या. सगळ्यांनी मुठी वळल्या. ठरलेल्या दिवशी ओहोटीला आई फावडं आणि घमेली घेऊन बांधावर जाऊन बसली. मी रजा टाकून गेले होते. गावातले चार म्हातारे आले. भाऊ फेरीवर होता. समितीतून दोघं आली, त्यांनी आईचा फावड्यासकट फोटो काढला आणि तालुक्याला बैठक आहे म्हणून निघून गेली. आम्ही दुपारपर्यंत चिखल ओढला. संध्याकाळच्या भरतीने तो सगळा नेला. मी बांधावर येरझारा घालत राहिले. भरती बघून आईने पाय धुतले आणि घरी चल म्हणाली.

त्यानंतर तिला मंचावर कुणी बोलावलं नाही. अध्यक्षांनी मला फोनवर समजावलं, "बाई, त्यांना त्रास कशाला? त्यांचं चित्र आहेच की. चित्राने काम होतं." फार गोड बोलतात ते. फोन ठेवल्यावर मला त्यांच्या गोड बोलण्याची चीड आली.

अशात एका रविवारी मी गावी गेले, तर आई म्हणाली की तिला संमती द्यायची आहे. सात-बारा तिच्या एकटीच्या नावावर आहे. तालुक्याला मंगल कार्यालयात शिबिर लागलं होतं, ज्यांना जमीन द्यायची त्यांनी तिथे जाऊन लिहून द्यायचं होतं.

मी भडकलेच. काय काय बोलले ते आता आठवून अंगावर काटा येतो. तुला समजतंय का, तू कोण आहेस? लोक काय म्हणतील? तुझ्याकडे बघून इतकी माणसं उभी आहेत, तूच पाय मागे घेतलास तर?

आई चुलीपुढे वाल सोलत होती. भिजवून मोड आणलेले वाल, अंगठ्याने साल काढायची आणि दाणा ताटात. तिने हात थांबवला नाही.

"तुना भात देतंय तो फोटो?" तिने विचारलं. "मना न्हाय देत. शेतात खारा पानी हाय. मी उद्या मेली तर तुमी दोगां भाव-भन त्या पान्यात कवा उतरनार हाव?"

मी म्हटलं, आम्ही येऊ. म्हणताना माझाच माझ्यावर विश्वास बसला नाही. माणगावहून मी महिन्यातून एकदा येते, तेही परतीची एसटी डोक्यात ठेवून. रात्री भाऊही जेवायला होता. त्याच्या अंगात तोच टी-शर्ट होता. आईने त्याला आमटी वाढली, वाढताना चार थेंब टी-शर्टवर सांडले, म्हणजे तिच्याच कपाळावर. तिने ते पदराने पुसले.

सोमवारी मी तिच्याबरोबर निघाले. अडवायला की सोबतीला, हे मला एसटीत बसेपर्यंत कळलं नव्हतं, आणि उतरल्यावरही कळलं नाही. आईने लग्नाकार्याची जांभळी साडी नेसली होती, डोळ्यांवर मोतीबिंदूनंतरचा जाड चष्मा, केस चापूनचोपून बांधलेले, हातात कागदांची पिशवी. सारखं वाटत होतं की वाटेत कुणीतरी ओळखीचं भेटावं आणि तिने आपणहून मागे फिरावं. कुणीच भेटलं नाही.

मंगल कार्यालयाच्या दाराशी पायऱ्या अडवून तरुण मुलंमुली बसली होती. गावातली नव्हती. नवी मुंबईकडून बसने आली असावीत, बूट स्वच्छ होते. सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट. वीस-पंचवीस आया, सगळ्यांचे कोयते वर. आत जाणाऱ्यांना ती हात जोडून परत फिरवत होती, आणि माणसं फिरतही होती. आमच्या पुढचं एक जोडपं खाली मान घालून वळलं.

आईला एका मुलीने अडवलं. विशीतली असेल, चेहरा तळमळीचा, आवाज बसलेला. ढोंग नव्हतं तिच्यात, हे मी शपथेवर सांगेन. ढोंगी असती तर मला सोपं गेलं असतं.

"आजी, नका जाऊ आत," ती म्हणाली. "आपली जमीन आपली आई असते."

"हो बाय," आई म्हणाली. "सरक जरा."

"आजी, निदान हिच्याकडे बघून तरी मागे फिरा." मुलीने दोन्ही हातांनी टी-शर्ट ताणून धरला. "तुमच्याच भागातली आहे. हिने मरेपर्यंत जमीन दिली नाही."

माझ्या तोंडातून शब्द निघणारच होता. आईने माझं मनगट पकडलं. चांगलं घट्ट, लहानपणी बाजारात धरायची तसं. मग ती वाकली, चष्मा सावरला आणि त्या मुलीच्या छातीवरचं चित्र बराच वेळ पाहत राहिली.

"ही मेली?" तिने विचारलं.

"हो आजी. आंदोलनातच गेली."

"मंग सुटली बिचारी," आई म्हणाली. "मना अजून जगाचा हाय."

त्या मुलीने पाय आखडून घेतले, आणि का कोण जाणे, आईला पायरी चढायला हात दिला. आईने तो धरला आणि चढून आत गेली.

मी पायरीखालीच राहिले. इतक्या आया माझ्याकडे कोयते उगारून बघत होत्या आणि माझी एकटीच आत टेबलापुढे उभी होती. ओरडून सांगावं, ही बघा, ही जिवंत आहे, असं फार वाटलं. रडूही येत होतं आणि कुणाला तरी बदडून काढावंसंही वाटत होतं. मग आत आईने कागद चष्म्याच्या अगदी जवळ नेलेला दिसला. मोतीबिंदूपासून तिला बारीक अक्षर लागत नाही. मीही पायऱ्या चढले आणि सही कुठे करायची ते तिला बोटाने दाखवलं.